बालवीर चळवळीतील पदचिन्हे आणि त्यांचे रंग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बालवीर चळवळीचा इतिहास बहुधा संस्थापकांची चरित्रे आणि मोठे मेळावे यांच्या आधारे लिहिला जातो. गणवेशावरील रंगीत फिती, पट्टे व कापडी बिल्ले यांना त्यात तळटीपेपुरतेच स्थान मिळते. वस्तुतः मुलगा कोणत्या गटाचा आणि त्या गटात त्याचे पद कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंगाने प्रथम पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिले, ही बाब लक्षणीय आहे.

ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले होती, तशीच पूल व बोर्नमथ येथील कामकरी कुटुंबांतील मुलेही होती. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येकाच्या खांद्यावर लोकरीची रंगीत फीत लावण्यात आली. लांडगा संघास निळी, बैल संघास हिरवी, कर्ल्यू या पाणपक्ष्याच्या संघास पिवळी आणि डोमकावळा संघास तांबडी फीत मिळाली. घराण्याची ओळख मागे सारून संघाची ओळख पुढे आणण्याचे काम या साध्या लोकरीने केले. त्या काळच्या इंग्लंडमधील वर्गभेद ध्यानात घेता ही गोष्ट लहान नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील कोष्टकात मात्र बैल संघाचा रंग तांबडा, कर्ल्यूचा हिरवा, डोमकावळ्याचा काळा, तर लांडग्याचा पिवळा-काळा असा दिलेला आहे. चारही रंग एका वर्षात बदलले. अमुक रंग म्हणजे शौर्य आणि तमुक म्हणजे त्याग, अशी जी स्पष्टीकरणे आज हौसेने दिली जातात, त्यांना या मूळ व्यवस्थेत आधार सापडत नाही. तेथे रंग ही ओळखीची खूण होती, गुणांचे रूपक नव्हते.

पद दर्शविण्यासाठी निराळी रीत रूढ झाली. ब्रिटिश पद्धतीत संघनायकाच्या डाव्या खिशावर दोन पांढऱ्या उभ्या पट्ट्या असत, उपनायकाच्या खिशावर एक. १९१६ पासूनच्या ‘वुल्फ कब’ विभागात सहा मुलांच्या गटनायकास डाव्या बाहीवर दोन पिवळे पट्टे मिळत. गटाचा रंग बदलला तरी पदाचा रंग बदलत नसे. याचा अर्थ, नायक आपल्या संघाची फीत उतरवून वर जात नव्हता, तर ती अंगावर ठेवूनच अधिकाराची पट्टी लावत होता.

भारतात प्रश्न अधिक बिकट होता. १९०९ मध्ये येथे सुरू झालेली पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. ज्या चळवळीने लोकरीच्या फितीने वर्गभेद झाकला, तिनेच येथे कातडीचा रंग पाहिला! यातूनच अ‍ॅनी बेझंट यांची मद्रासमधील संघटना आणि १९१८ मध्ये पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांची अलाहाबादची सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. १९२१ च्या आरंभी बेडन-पॉवेल भारतात आले. बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती मात्र अलग राहिली, कारण राजनिष्ठेची शपथ तिला मान्य नव्हती. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला व पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तरीही ज्या खोऱ्यातील शेतकऱ्याची जमीन सरकारी कायद्याच्या आधाराने कंपनीकडे जात होती, तेथील मुलाने बादशहाशी निष्ठेची शपथ घेऊन छातीवर पट्टी लावणे म्हणजे काय, हा प्रश्न मुळशीच्या संदर्भात अधिक टोकदार होतो.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी विविध संघटनांच्या विलीनीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटना तीत सामील झाली. निळ्या ध्वजावरील पिवळ्या बोधचिन्हात अशोकचक्र आले. लहान मुलींच्या विभागाचे नावही बोलके आहे. इंग्लंडमधील ‘ब्राउनी’ला ब्रिटिश भारतात ‘ब्लूबर्ड’ म्हटले जाई, नंतर ती ‘बुलबुल’ झाली. नावातील रंग गेला आणि देशी पक्षी आला.

प्रौढ प्रशिक्षकांच्या बाबतीत रंगाची योजना आणखी वेगळी आहे. वुडबॅज अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास गिलवेल स्कार्फ मिळतो. तो राखाडी असून त्यावर मॅक्लॅरेन घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा असतो. १९१९ मध्ये गिलवेल पार्कची जागा घेण्यासाठी पैसा देणाऱ्या मॅक्लॅरेन यांची ती आठवण होय. हा स्कार्फ गळ्यात असला की आयुक्त आणि खेड्यातील शाळेचा शिक्षक यांच्यात रंगाने भेद उरत नाही. भारतात ‘हिमालय वुडबॅज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मानचिन्हातील लाकडी मणी मात्र मोजले जातात : प्रशिक्षितास दोन, सहायक प्रशिक्षकास तीन आणि प्रशिक्षकास चार.