अंड्यांच्या आधी कृमी पकडणारी चाचणी

बिल्हार्झिया या रोगाचे कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत जोडीनं राहतात, तेही वर्षानुवर्षं. 1851 साली कैरोत थिओडोर बिल्हार्झ यांना ते शवविच्छेदनात दिसले. पुढे निदानाची भिस्त राहिली ती लघवीत किंवा विष्ठेत सापडणाऱ्या अंड्यांवर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये हा रोग उजेडात आणला, तोही लघवीतल्या अंड्यांमुळे. पण लागण झाल्यावर अंडी दिसायला निदान पाच-सहा आठवडे जातात, आणि कृमी मोजके असले तर ती हुकतातच. प्रतिपिंडं तपासावीत, तर ती रोग बरा झाल्यावरही रक्तात टिकून राहतात.

वाट सापडली ती कृमीच्या पोटातून. या कृमीला गुदद्वार नसतं. प्यायलेलं रक्त पचवून उरलेला गाळ तो तोंडावाटे माणसाच्याच रक्तात ओकतो, आणि त्याबरोबर आतड्याच्या अस्तरातली प्रथिनंही बाहेर पडतात. 1967 मध्ये बर्गग्रेन आणि थॉमस वेलर (पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले ते हेच) यांनी बाधित प्राण्यांच्या रक्तात असा पदार्थ दाखवला. 1976 मध्ये नेदरलँड्समधल्या आंद्रे डेल्डर यांच्या गटाने हॅमस्टरच्या रक्तात असे दोन पदार्थ ओळखले. विजेच्या प्रवाहात एक धनाग्राकडे सरकला, दुसरा ऋणाग्राकडे. त्यावरून अनुक्रमे सीएए (‘अॅनोडिक’) आणि सीसीए (‘कॅथोडिक’) ही नावं पडली.

या प्रथिनांना साखरेच्या लांब साखळ्या लगडलेल्या असतात, आणि त्या कमालीच्या चिवट. रक्तद्रवात ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल घातलं की बाकीची प्रथिनं साकळून तळाशी बसतात. सीएए वरच्या नितळ द्रवात तसंच राहतं. 1990 मध्ये तर डेल्डर यांना कृमींचा हा अंश इजिप्तच्या ममींमध्येही सापडला.

सीसीए लघवीत उतरतं, म्हणून त्याची पट्टी गावोगाव वापरता आली. सीएएची खरी कसोटी मला नेदरलँड्समधल्याच लायडनच्या प्रयोगात दिसते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 17 स्वयंसेवकांना फक्त नर कृमींची लागण करवली होती. मादीच नाही, म्हणजे अंडी निघणं अशक्य. तरीही रक्तातल्या सीएएवरून लागण कळली.

ही लागण पाण्यातून होते. म्हणून आफ्रिकेत व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवराच्या पाण्यात उतरून आला असाल, तर ताप किंवा लघवीतून रक्त दिसताच डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. या रोगावरचं प्राझिक्वांटेल हे औषध कोवळ्या कृमींवर फारसं चालत नाही, त्यामुळे ते पुन्हा कधी घ्यायचं हेही त्यांनाच विचारा.