१७. ‘क्षयावरची गोळी’

लेखक म्हणतो ते औषध आयप्रोनियाझिड. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना ते देऊन पाहिले, तेव्हा खाटेला खिळलेली माणसे हसू-बोलू लागली, भूक लागते म्हणू लागली. सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन यांसारखे निरोपे रेणू मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला ते अडवते, हेही त्याच वर्षी कळले. नैराश्यावर त्याचा वापर १९५७ पासून फोफावला. पण यकृताला इजा होते असे दिसल्यावर अमेरिकेत ते काही वर्षांतच मागे घेतले गेले. या गटातल्या औषधांसोबत मुरलेले चीज खाल्ल्यास रक्तदाब धोकादायक चढू शकतो, म्हणून आज ती क्वचितच आणि पथ्यासह देतात.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन वेगळ्या वाटेने जाते. चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन तीच पेशी परत शोषून घेते. हे औषध ते शोषण रोखते. ‘सेरोटोनिन घटले की नैराश्य’ हे लेखकाचे समीकरण मात्र फारच सोपे आहे. (त्याच्या काळी ते सर्रास छापले जाई.) शोषण काही तासांतच रोखले जाते, मन सावरायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. या अवधीत चेतापेशींची ग्राहके आणि त्यांची आपसातली जोडणी बदलत असावी, असा आजचा अंदाज आहे. पुढच्या प्रकरणात नायिका आठव्या दिवशी गोळ्या फेकून देते, ते या संदर्भात वाचावे.