अखबार व वकिलाची विज्ञापना

जुन्या दप्तरांत बातमी दोन रूपांनीं आढळते. दरबारी अखबारांत मजकूर फारशींत, तारीखवार व तुटक वाक्यांनीं येतो. लिहिणारा स्वतःचें मत क्वचितच घालतो. वकिलाचें पत्र तसें नव्हे. हिंगणे दिल्लीहून पेशव्यांस लिहीत, तेव्हां ‘विनंति सेवक’ असा आरंभ करीत, ‘तागायत छ’ पुढें मुसलमानी चांद्र तारीख व मुक्काम नमूद करीत, मग पाहिलेलें, ऐकिलेलें आणि आपला अदमास सांगून ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’ येथें थांबत.

छापतांना हा मायना निरर्थक समजून गाळण्याची चाल आम्हांस घातक वाटते. ‘तागायत’ची तारीख बातमीची मर्यादा दाखविते, कागदावरील पैवस्तीची तारीख ती केव्हां पोंचली हें सांगते. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर निकाल लागला, तेव्हां नानासाहेब उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांस कोणत्या दिवशीं काय ठाऊक होतें, हा वाद या दोन तारखांवांचून मिटणें नाहीं. पत्राच्या घडींत अखबार निघाल्यास संग्राहकांनीं तो फारशी म्हणून निराळ्या रुमालांत बांधूं नये.