हंसीच्या हेतूविषयी
* ‘अंडे वाचावे म्हणून’ हे लेखकाचे निरीक्षण नव्हे, अनुमान आहे. घरट्याबाहेर गेलेले अंडे ग्रेलॅग हंसी मान लांबवून चोचीच्या खालच्या बाजूने आत ओढते. पण प्राणिवर्तनाचे अभ्यासक लोरेन्ट्स व टिनबर्गन यांनी १९३८मध्ये मांडले, की ओढणे सुरू झाल्यावर अंडे काढून घेतले तरी ती चोच छातीशी आणतेच. घरंगळते अंडे सावरणारी चोचीची डावी-उजवीकडची हालचाल तेवढी थांबते. एरवी अंडे वाचतेच ना, असे कोणी म्हणेल. वाचते, पण हे वर्तन पिढ्यान्‌पिढ्या का टिकले, याचे ते उत्तर झाले, त्या क्षणी हंसीच्या मनात काय होते याचे नव्हे. (तिला मनच नाही, असेही यावरून ठरत नाही, ती उलट बाजूची घाई.) पुढील प्रकरणातही लेखक परिणामावरून हेतू काढतात; तेथेही वाचकांनी हाच आक्षेप लक्षात ठेवावा. — संपादक