वारस मुलगी, राज्य जावयाचे?

लग्नानंतर बायकोची मिळकत कोणाची, हा वाद आपल्या घरांत पाटल्या-बांगड्यांच्या हिशेबापर्यंत येऊन थांबतो. भोपाळला तो अख्ख्या राज्यावरून झाला.

१८१९ मध्ये नवाब नजर मुहम्मद खान वारला. वारस एकच, लहानगी सिकंदर. कारभार आई कुदसिया बेगम पाहू लागली. ठराव मात्र असा, की मुलीचा नवरा तोच पुढचा नवाब! १८३५ मध्ये जहांगीर मुहम्मद खानाशी सिकंदरचा निकाह लागला आणि १८३७ मध्ये इंग्रजांच्या पाठिंब्याने तो गादीवर बसला. पण नवरा-बायकोचे पटेना. त्याने तिच्यावर तलवार चालवली, असे सांगतात. सिकंदर आईसह इस्लामनगरला (आजचे जगदीशपूर) निघून गेली. तिथेच १८३८ मध्ये शाहजहान जन्मली.

१८४४ मध्ये जहांगीर वारला. १८४७ पासून सिकंदर मुलीच्या वतीने कारभार पाहू लागली. पोळलेली बाई ती, जुनी अट पुन्हा कशी चालू देईल? १८५५ मध्ये शाहजहानच्या लग्नाच्या वेळी ठरले, की जावई नावापुरता नवाब, सत्ता बायकोची. म्हणजे जावयाला मान, दप्तर मात्र नाही! १८६० मध्ये खुद्द सिकंदरलाही इंग्रजांनी राज्यकर्ती मानले.

हिंदू विधवेला नवऱ्याकडून आलेल्या मिळकतीची पूर्ण मालकी मिळायला मात्र १९५६ साल उजाडावे लागले.