एका डॉलरचा करार



मी कामगार चळवळीत काम करणारा माणूस आहे. टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही. तरी आजच्या व्याख्यानासाठी मी बिली जीन किंग या अमेरिकन टेनिसपटूची कारकीर्द निवडली आहे. त्यांनी किती अजिंक्यपदे मिळवली हे क्रीडेच्या पुस्तकांत नोंदलेलेच आहे. पण त्या कारकिर्दीत मजुरीचा, संघटनेचा आणि फुटीचा जो इतिहास घडला, तो गिरणीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

बिली जीन मॉफिट यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच या गावी झाला. वडील अग्निशामक दलात नोकरीला, आई घर सांभाळणारी. अकराव्या वर्षी मुलीला टेनिसची गोडी लागली, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ कामे करून तिने पहिल्या रॅकेटचे पैसे जमवले. नगरपालिकेच्या मैदानावर क्लाइड वॉकर नावाचे शिक्षक फुकट शिकवीत, त्यांच्याकडे ती शिकली. लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत मुलांचे सामूहिक छायाचित्र काढायचे होते. बिली जीनने रीतीप्रमाणे झगा न घालता आखूड चड्डी घातली होती, म्हणून तिला बाजूला काढण्यात आले. या खेळात कोण शोभते आणि कोण शोभत नाही, हे तिला असे लहानपणीच कळले.

त्या काळचे टेनिस हौशी समजले जाई. मोठ्या स्पर्धांत उघड बक्षिसाची रक्कम नसे. ज्याने पैसे घेऊन खेळायचे त्याने धंदेवाईक म्हणवून घ्यायचे आणि विम्बल्डनसारख्या स्पर्धांची दारे स्वतःवर बंद करून घ्यायची. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन १९२६ साली धंदेवाईक झाल्या, तेव्हा त्यांच्या नशिबी हेच आले. प्रत्यक्षात नामांकित हौशी खेळाडूंना आतून पैसे पोचत असत. हौस परवडते ती खाऊनपिऊन सुखी असलेल्यांना. आपल्या मुंबईच्या लीला राव, पंडिता क्षमा राव यांच्या कन्या, १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांचे कर्तृत्व निःसंशय मोठे. पण तशा घराचे पाठबळ नसलेल्या मुलीने त्या मैदानापर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

बिली जीन सतराव्या वर्षी, १९६१ साली, विम्बल्डनच्या दुहेरीत विजयी झाल्या. तरी कॉलेजात त्यांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली नाही, कारण मुलींसाठी ती नव्हतीच. १९६५ साली लग्न होऊन त्या किंग झाल्या. १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी विम्बल्डनची एकेरी जिंकली. १९६८ साली हौशी आणि धंदेवाईक हा भेद मोडला आणि बक्षिसे उघडपणे वाटली जाऊ लागली. उजेडात आल्यावर आकडे दिसले. त्या वर्षी विम्बल्डनमध्ये पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले आणि किंगबाईंना ७५०.

पुढे ही तफावत वाढत गेली. १९७० साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर असा दर जाहीर झाला. संयोजक जॅक क्रेमर यांचे म्हणणे असे की लोक तिकीट काढतात ते पुरुषांचा खेळ पाहण्यासाठी. शिवाय पुरुष पाच डाव खेळतात, बायका तीनच. बायकांचे काम हलके म्हणून मजुरी कमी, हा युक्तिवाद आपण गिरण्यांत आणि शेतांत पुष्कळ ऐकलेला आहे. परंतु नाटकाचे तिकीट आपण नटाने किती तास घाम गाळला हे मोजून काढत नाही.

मग 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या संपादिका ग्लॅडिस हेल्डमन यांनी ह्यूस्टनला फक्त स्त्रियांची वेगळी स्पर्धा ठरवली. बक्षिसांची एकूण रक्कम ७,५०० डॉलर. अमेरिकन टेनिस संघटनेने निलंबनाची धमकी दिली. त्यावर २३ सप्टेंबर १९७० रोजी नऊ खेळाडूंनी हेल्डमनबाईंशी एका आठवड्याचा करार केला. मोबदला होता प्रत्येकी एक डॉलर. सात अमेरिकन आणि दोन ऑस्ट्रेलियन, अशा या नऊजणी संघटनेच्या हुकमतीबाहेर पडल्या. संघटनेने त्यांना निलंबित केले. किंगबाईंचे नाव जगभर झालेले होते, त्यांना कुठेही चार पैसे मिळाले असते. पण बाकीच्यांपैकी कित्येकींच्या दृष्टीने ती सही म्हणजे सगळी कारकीर्द पणाला लावणे होते. संपात पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्याचे जे मोल, ते या नऊजणींचे आहे.

पैसा आला तो सिगारेट कंपनीकडून. अमेरिकेत १९७१ पासून रेडिओ आणि दूरदर्शनवर सिगारेटच्या जाहिराती बंद होणार होत्या, त्यामुळे कंपन्या दुसरी वाट शोधत होत्या. 'व्हर्जिनिया स्लिम्स' या बायकांसाठी काढलेल्या सिगारेटचे नाव स्पर्धांना लागले. धावणाऱ्या, दमसास टिकवणाऱ्या स्त्रियांनी तंबाखूचे नाव मिरवावे हे मला रुचत नाही, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारणही नाही. संघटनेची कचेरी आणि निधी नसला की लढणाऱ्याला व्यापाऱ्याच्या दारी जावे लागते. तरीही त्या मेहनतीचे फळ दिसले. १९७१ साली किंगबाईंनी एका वर्षात एक लाख डॉलरहून अधिक कमाई केली. कोणत्याही स्त्री खेळाडूने तोवर एवढे मिळवलेले नव्हते.

पुरुष खेळाडूंनी १९७२ साली आपली संघटना काढली, तिच्यात स्त्रियांना जागा दिली नाही. अखेर जून १९७३ मध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठांहून अधिक स्त्री खेळाडूंची सभा भरली. निर्णय झाल्याशिवाय कोणी निघून जाऊ नये म्हणून नेदरलँड्सच्या धिप्पाड बेटी स्टोव्ह यांना दाराशी उभे करण्यात आले. त्या खोलीत महिला टेनिस संघटना जन्मली आणि किंगबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. लगेच त्या मैदानात उतरल्या आणि विम्बल्डनची एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी अशी तिन्ही अजिंक्यपदे जिंकल्या.

त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुष विजेत्यांना सारखेच, प्रत्येकी २५,००० डॉलर दिले. आदल्या वर्षी किंगबाईंना १०,००० आणि पुरुष विजेत्याला २५,००० मिळाले होते, आणि हे बदलले नाही तर स्त्रिया पुढल्या वर्षी येणार नाहीत असे त्यांनी बजावले होते. ही पहिली समान रक्कम घेतली मार्गारेट कोर्ट यांनी, ज्या त्या नऊजणींत नव्हत्या. युनियनने मिळवलेली वाढ बाहेर राहिलेल्यालाही मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे.

२० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टनला ३०,४७२ प्रेक्षकांसमोर त्यांनी पंचावन्न वर्षांच्या बॉबी रिग्ज यांना ६-४, ६-३, ६-३ असे हरवले. लोकांच्या लक्षात हाच तमाशा राहिला. माझ्या मते त्या वर्षीची खरी घटना हॉटेलातली सभा होय.

१९८१ साली त्यांच्या पूर्वीच्या स्त्री सचिवाने दावा लावला आणि त्या दोघींचे संबंध चव्हाट्यावर आले. किंगबाईंनी वार्ताहरांसमोर संबंध नाकारले नाहीत. दावा टिकला नाही, पण जाहिरातींचे करार पाहता पाहता गेले. ज्यांच्या नावावर माल खपवला, त्यांना व्यापाऱ्यांनी एका फटक्यात दूर केले. पैशांसाठी त्यांना खेळणे लांबवावे लागले. १९८३ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या. एकेरीची बारा आणि सर्व मिळून एकोणचाळीस मोठी अजिंक्यपदे, ही त्यांची खेळातली मिळकत.

विम्बल्डनने समान बक्षीस दिले ते २००७ साली. अमेरिकेनंतर चौतीस वर्षांनी. आपल्या संविधानाच्या ३९ व्या कलमात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व १९५० पासून आहे आणि १९७६ साली त्याचा कायदाही झाला. तरी आजही कित्येक गावांत बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा रोज वेगळा बोलला जातो, आणि खुरपणीला वाकलेल्या बाईला तो निमूट घ्यावा लागतो. तिच्याकडे रॅकेट नाही, तिचा सामना कोणी पाहत नाही. दाराशी कोणाला तरी उभे करून तिची सभा भरवण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते आपल्यापैकीच कोणाला तरी करावे लागेल.