प्राधिकरणातली प्रवाशाची खुर्ची

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४४ आजच्या तरुण वकिलांना ठाऊक असायचं कारण नाही. तो कायदा रद्द होऊन जमाना झाला. मी रत्नागिरीत सनद घेऊन उभा राहिलो तेव्हा मात्र तोच चालू होता आणि माझ्या सिनियरांच्या प्रतीत या कलमाच्या एका वाक्याखाली लाल पेन्सिलीची जाड रेघ होती. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणावर अधिकारी असतील, बिगरसरकारी माणसंही असतील. पण कुठल्याही वाहतूक धंद्यात ज्याचा मालक म्हणून, नोकर म्हणून किंवा आणखी कसाही पैशाचा संबंध असेल, त्याला तिथे बसता येणार नाही. सदस्य असताना असा संबंध जडला तर चार आठवड्यांत सरकारला लेखी कळवायचं आणि पद सोडायचं. सिनियर म्हणायचे, "परमिट देणारा सरकार, मागणारा मोटारवाला. मध्ये कोणीतरी तिसरा हवा, म्हणून हे वाक्य आहे." मोटारींच्या प्रकरणांत माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्या तिसऱ्या माणसाचं पुढे काय झालं, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही.

हा कायदा मुळात प्रवाशासाठी जन्मला नव्हता. १९३० च्या आसपास मोटारींनी रेल्वेचे प्रवासी पळवायला सुरुवात केली. मिचेल आणि कर्कनेस या दोघा अधिकाऱ्यांनी देशभर पाहणी केली, त्यांचा अहवाल १९३३ मध्ये आला आणि मोटारींना परमिटाच्या चौकटीत बसवण्याचा विचार पक्का झाला. रेल्वेला सांभाळण्यासाठी केलेली ही व्यवस्था रत्नागिरीलाही लागू झाली, आणि आमच्याकडे तर रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. रेल्वे येईपर्यंत रत्नागिरीच्या माणसाला मुंबई गाठायची तर घाट नाही तर समुद्र.

समुद्राची आठवण काढल्याशिवाय इथल्या वाहतुकीचा इतिहास सांगताच येत नाही. आगबोटी बंदरात खोल पाण्यात उभ्या राहायच्या आणि माणसं पडावांतून किनाऱ्याला लागायची. पावसाळ्यात सगळं बंद. बोटी परक्या कंपनीच्या आणि भाडं ती सांगेल ते. स्वदेशीच्या लाटेत देशी भांडवलाची एक सहकारी कंपनी उभी राहिली. लोक तिला आपलेपणाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. भाड्यावर आपला शब्द चालायचा तर बोटच आपली असली पाहिजे, हा त्या पिढीचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. तरीही १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा कोकणातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला गेला: डेकवर माणसं किती चढली हे कोण मोजत होतं? मालक परका असो की आपला, मोजणारा मालकाच्या बाहेरचा लागतो. खाडीवरच्या तरींचंही तेच. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी १८६८ पासून कायदा होता. मक्ता दिला जाई, सरकारी तिजोरीत पैसे येत. तरीत पाय ठेवणाऱ्या माणसाला दराबद्दल विचारायची रीत नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९३९ चा कायदा वाचला की त्याचं मोल कळतं. कलम ४७ सांगत होतं की बसगाडीचं परमिट देताना जनतेचं हित आणि जनतेची सोय आधी पाहा. ज्या हद्दीतून रस्ता जातो तिथली स्थानिक संस्था किंवा पोलीस काही म्हणत असतील तर ते विचारात घ्या. रस्ते वाहतुकीत रस असलेल्या लोकांच्या मान्यताप्राप्त संघटनेचंही ऐका. कलम ५७ प्रमाणे अर्ज आधी प्रसिद्ध करायचा, हरकतींना मुदत द्यायची, मग जाहीर सुनावणी घ्यायची. टॅक्सीसारख्या भाड्याच्या गाड्यांना कलम ५० लागू होतं. गावात आणखी किती गाड्या हव्यात हे ठरवताना नगरपालिकेचं निवेदन वाचणं प्राधिकरणाला बंधनकारक होतं. रत्नागिरीची नगरपालिका १८७६ सालची. गाडीतळावर बैलगाड्या सुटायच्या त्या काळापासून गावात वाहनं कुठे उभी राहावीत याची काळजी वाहणारी ही संस्था. तिला कायद्याने इथे आवाज दिला होता.

मग एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली आणि काही वर्षांत खाजगी सर्व्हिस मोटारी मागे पडल्या. एसटीने कोकणावर केलेले उपकार मी कधी विसरणार नाही. पाणंदीच्या तोंडापर्यंत गाडी नेणारं दुसरं कोणी नव्हतं. १९५० च्या महामंडळ कायद्याच्या कलम १७ मध्ये सल्लागार परिषदांची तरतूदही आहे. पण सल्लागार म्हणजे सल्लागार. परमिट आणि भाडं त्याच्या हातात नाही. राष्ट्रीयीकरणाच्या योजनांवर लोकांच्या हरकती ऐकण्याचा प्रश्न आंध्रातल्या गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ऐकलं एकाने आणि निर्णय दिला दुसऱ्याने, तर ती सुनावणीच नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. सुनावणी हा उपचार नाही, हे या निकालाने मला शिकवलं.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि चित्र पालटलं. कलम ८० ने सांगितलं की परमिटाचा अर्ज सहसा नाकारू नका. जुन्या मोटारमालकांनी नव्यांची वाट अडवायची, तारखांवर तारखा घ्यायच्या, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे हा बदल हवा होता. १९९१ च्या मिथिलेश गर्ग निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या परमिटधारकांचा हरकतीचा हक्क संपल्याचं स्पष्ट केलं. पण मक्तेदाराच्या तोंडावर दार लावताना प्रवाशालाही बाहेर ठेवलं गेलं. अर्ज प्रसिद्ध करणं, जाहीर सुनावणी, नगरपालिकेचं निवेदन ही सगळी व्यवस्था नव्या कायद्यात उरली नाही. प्राधिकरणावर अध्यक्षाखेरीज जास्तीत जास्त दोन सदस्य राहिले. कायद्याचे शब्द 'अधिकारी असोत वा नसोत' असे आहेत. आपल्याकडे जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य आणि परिवहन अधिकारी सचिव अशी घडी बसली. तिसऱ्या माणसाची खुर्ची अशी गेली. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही की अग्रलेख आला नाही.

ती खुर्ची नसल्याने काय होतं ते मी एका भाडेवाढीच्या बैठकीत पाहिलं. मी रिक्षावाल्यांच्या संघटनेचा वकील म्हणून गेलो होतो. आमच्या सेक्रेटरीने फाइल नेटकी लावली होती: पेट्रोलची बिलं, टायरची पावती, विम्याचा हप्ता, पासिंगचा खर्च, कर्जाचं पासबुक. त्याने समजावून सांगितलं की बाजारपेठेतून मारुती मंदिराकडे चढताना गाडी पेट्रोल पिते. स्टेशन गावापासून लांब, गाडी रात्रीबेरात्री येते, पॅसेंजर सोडला की परत रिकामं यावं लागतं. प्रत्येक शब्द खरा होता. समोर अधिकारी सौजन्याने ऐकत होते. मात्र मिरकरवाड्यातून टोपली घेऊन बाजाराला येणारी बाई महिन्याला किती भाडं भरते, सिव्हिल हॉस्पिटलला आलेल्या खेड्यातल्या पेशंटला 'स्पेशल'शिवाय इलाज का नसतो, सीट भरेपर्यंत शाळेची मुलं किती थांबतात, हे सांगायला त्या खोलीत कोणीही नव्हतं. बैठकीची सूचना प्रवाशांपर्यंत पोचवायची कुणाची जबाबदारीच नव्हती. आम्हाला वाढ मिळाली. ती रास्त होती, असं मी आजही म्हणेन. पण गावाला ती रास्त वाटली नाही, कारण हिशेब गावाने ऐकलाच नव्हता. त्याची किंमत पुढे रोज स्टँडवर हुज्जत घालून रिक्षावाल्यांनीच मोजली.

मुंबईत ग्राहक चळवळ जोरदार असल्याने तिथे ही उणीव थोडी भरून निघाली. हकीम समितीने २०१२ मध्ये रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचं सूत्र मांडलं. इंधन, गाडीची किंमत, देखभाल, विमा, कर आणि चालकाच्या संसाराचा खर्च यांतून किलोमीटरचा दर काढायचा. मुंबई ग्राहक पंचायतीने त्या समितीच्या शिफारशींना उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पुढे खटुआ समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशी सरकारने २०२० मध्ये स्वीकारल्या. सूत्र चांगलं की वाईट यावर वाद होऊ शकतो. ते कागदावर आलं आणि त्यावर वाद घालणारा प्रवासी उभा राहिला, हे मला मोठं वाटतं. पुण्या-कोल्हापुरासारख्या महापालिकांच्या कायद्यात परिवहन समितीवर नगरसेवक नसलेला जाणकार माणूसही घेता येतो. रत्नागिरी नगर परिषद असल्याने आणि शहर बस एसटीची असल्याने ती सोय आपल्याला नाही.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर, न्यूयॉर्क शहराने १९७१ मध्ये टॅक्सींसाठी नऊ जणांचा आयोग नेमला. त्यातले आठ बिनपगारी, आणि शहराच्या पाच विभागांतून प्रत्येकी एक रहिवासी. नियम बदलायचा तर आधी जाहीर सुनावणी. तिथेही चुका झाल्या, टॅक्सीच्या परवान्यांच्या किमती आभाळाला भिडून कोसळल्या आणि चालक कर्जात बुडाले. पण त्या चालकांना आपलं दुःख उघड मांडायला एक व्यासपीठ होतं.

आपल्याला नवा कायदा लागणार नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ६८ मधल्या दोन जागांपैकी एक जागा राज्य सरकार अधिसूचना काढून बिगरसरकारी माणसाला देऊ शकतं. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेवर अशासकीय सदस्य असतातच. निवडीचा अनुभव तिथे आहे. अट जुनीच ठेवा, ज्याची रिक्षा, बस किंवा ट्रॅव्हल्स असेल तो नको. एखादी निवृत्त परिचारिका, एखादा मच्छी सोसायटीचा हिशेबनीस, रोज साळवी स्टॉपवर उभी राहणारी एखादी कॉलेजची प्राध्यापिका, कोणीही चालेल. तोवर निदान एवढं व्हावं: भाडेवाढीचा प्रस्ताव आला की तो स्थानिक वर्तमानपत्रांत आणि नगर परिषदेच्या फलकावर लागावा, पंधरा दिवस सूचना घ्याव्यात आणि बैठक खुली असावी. आमच्या रिक्षावाल्यांनीही ही मागणी आपली मानावी. गावासमोर मांडलेल्या हिशेबावर मिळालेलं भाडं मागताना त्यांना कुणाशी भांडावं लागणार नाही.

आणि वाचकहो, पुढची भाडेवाढ जाहीर होण्याची वाट पाहू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, प्राधिकरणावर प्रवाशांचा प्रतिनिधी नेमण्याची शिफारस सरकारकडे करा असं त्यात म्हणा, आणि आवक-जावक विभागाचा शिक्का असलेली पोच घेऊन ती जपून ठेवा.